एसीच्या कॉपर पाइपचे ब्रेझिंग : नव्या तंत्रज्ञांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील अनेक नव्या इमारतींत बिल्डर घराचा ताबा देण्यापूर्वीच भिंतीच्या आतून एसीचे कॉपर पाइप टाकून देतो. पुढे एसी बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञाला भिंतीतून बाहेर आलेली दोन टोके मिळतात आणि ती इनडोअर व आउटडोअर युनिटपर्यंत नेण्यासाठी कुठेतरी सांधा करावा लागतो. गॅसच्या ज्योतीवर नळी तापवून, सळई वितळवून हा सांधा कायमचा जोडण्याच्या कामाला ब्रेझिंग म्हणतात. आयटीआयच्या दोन वर्षांच्या रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या अभ्यासक्रमात ते शिकवले जाते; परंतु वर्कशॉपच्या टेबलावर केलेला सांधा आणि उंच इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये, एका हाताने आरसा धरून तपासावा लागणारा सांधा यांत फार अंतर आहे. ज्यांना हे अंतर आता पार करायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे.

नवखा तंत्रज्ञ आपले सारे लक्ष ज्योतीवर आणि सळईवर ठेवतो. प्रत्यक्षात सांधा बिघडतो तो बहुतेक वेळा ज्योत पेटण्याआधीच : नळी वाकडी कापल्यामुळे, आत प्लॅस्टरची धूळ राहिल्यामुळे किंवा तापवताना नळीतून नायट्रोजन वाहता न ठेवल्यामुळे. बाहेरून गुळगुळीत दिसणारा सांधा आतून काळाकुट्ट असू शकतो, आणि कॉम्प्रेसर किती वर्षे चालणार हे त्या आतल्या बाजूवर अवलंबून असते. म्हणून या लेखात ज्योतीच्या आधीच्या पायऱ्यांना मुद्दाम अधिक जागा दिली आहे. घरमालकांनी हा लेख आपल्याकडे होणारे काम समजून घेण्यासाठी जरूर वाचावा, मात्र स्वतः टॉर्च, म्हणजे गॅसची ज्योत देणारे हत्यार, हाती घेऊ नये. तंत्रज्ञांनीही पहिले काही सांधे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सुट्या तुकड्यांवरच करावेत.

१. सांधा खरोखर हवा आहे का, हे आधी ठरवा

भिंतीवरच्या साध्या स्प्लिट एसीत दोन्ही युनिटांना पाइप जोडण्यासाठी फ्लेअर नट, म्हणजे पाइपचे पसरवलेले तोंड पान्याने आवळून धरणारे नट, दिलेले असतात. एका युनिटपासून दुसऱ्यापर्यंत अखंड पाइप जाऊ शकत असेल, तर ब्रेझिंगची गरजच पडत नाही, आणि जो सांधा नाही तो गळतही नाही. पाच-सात फूट पाइप वाचवण्यासाठी मध्ये जोड देण्याची सवय अनेकांना असते. ती लावून घेऊ नका.

ब्रेझिंग लागते ते मुख्यतः तीन ठिकाणी : भिंतीत आधीच टाकलेला पाइप पुढे वाढवायचा असेल तेव्हा, जुना पाइप मध्येच चेपला किंवा फुटला असेल तेव्हा, आणि मोठ्या यंत्रणांत जिथे फाटे काढावे लागतात तिथे. भिंतीच्या आत, फरशीखाली किंवा पुन्हा उघडता न येणाऱ्या फॉल्स सीलिंगमध्ये फ्लेअर नटचा जोड कधीही ठेवू नये; तो कालांतराने सैल होऊ शकतो आणि त्याला पाना लावायला जागा उरत नाही. शक्य असेल तर ब्रेझिंगचा सांधाही भिंतीबाहेर, हात पोहोचेल अशा जागी आणा.

भिंतीतला पाइप यंत्राला चालणारा आहे का, हेही याच वेळी पाहा. आपल्याकडे पाइपचे माप सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड टनाच्या अनेक यंत्रांना दोन सूत आणि चार सूत अशी जोडी लागते, परंतु बिल्डरने पाच सुताचा पाइप टाकलेला असू शकतो. मधे रिड्यूसर (जाड पाइपला बारीक पाइप जोडणारा तुकडा) टाकून काम उरकण्यापूर्वी कंपनीच्या इन्स्टॉलेशन पुस्तिकेत तशी परवानगी आहे का, ते वाचा. पाइपची जाडीही मोजा. एसीत भरल्या जाणाऱ्या आर-४१०ए आणि आर-३२ या वायूंचा दाब जुन्या आर-२२ पेक्षा सुमारे दीडपटीहून अधिक असतो, आणि घरगुती मापांच्या पाइपला त्यासाठी साधारणपणे ०.८ मिलिमीटर जाडी मागितली जाते. स्वस्तातला पातळ पाइप हाताने सहज चेपतो; तो भिंतीत असेल तर घरमालकाला तेव्हाच सांगा आणि शक्यतो लेखी कळवा.

२. यंत्रात कोणता वायू आहे, ते वाचल्याशिवाय टॉर्चला हात लावू नका

आउटडोअर युनिटच्या नावपट्टीवर वायूचे नाव आणि वजन छापलेले असते. आर-२२ आणि आर-४१०ए पेट घेत नाहीत. आज बाजारात सर्वाधिक दिसणारा आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडे वर गेले तरी ठिणगीने भडका उडू शकतो, म्हणून आर-२९० च्या यंत्रावर त्या कंपनीचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय काम करू नये.

यंत्र नवे असेल तर वायू आउटडोअर युनिटमध्येच बंद असतो. सर्व्हिस व्हॉल्वची टोपी उघडून ॲलन कीने तो बंद असल्याची खात्री करा आणि व्हॅक्युम, म्हणजे पाइपमधली हवा पंपाने ओढून काढण्याचे काम, पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नका. यंत्र जुने असेल, म्हणजे एका घरातून काढून दुसऱ्या घरात बसवायचे असेल, तर सर्व वायू आउटडोअरमध्ये पंपडाउन करून, म्हणजे कॉम्प्रेसर चालवून तिथे ओढून, किंवा रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो. त्यानंतरही तेलात विरघळलेला थोडा वायू पाइपमध्ये राहतो. म्हणून पाइप नायट्रोजनने धुऊन मगच ज्योत जवळ न्या.

ज्योतीत सापडलेला रेफ्रिजरंट, म्हणजे यंत्रातला हा वायू, निरुपद्रवी राहत नाही. त्याचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखी आम्ले तयार होतात, आणि आर-२२ मध्ये क्लोरीन असल्याने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायूही निर्माण होऊ शकतो. घशाला झोंबणारा उग्र वास आला किंवा ज्योत अचानक हिरवी दिसू लागली, तर टॉर्च बंद करा, जागा सोडा, खिडक्या उघडा, आणि गळती कुठून होते ते शोधल्याशिवाय परत ज्योत पेटवू नका.

पंपडाउनमधला एक धोका फारसा सांगितला जात नाही. कॉम्प्रेसर चालू असताना पाइप सुटला किंवा एखादा जोड सैल राहिला, तर हवा आत खेचली जाते. हवा आणि तेलाची वाफ यांच्या मिश्रणावर दाब पडून कॉम्प्रेसरचा स्फोट होऊ शकतो. पंपडाउन झाल्यावर आधी दोन्ही व्हॉल्व बंद, मग यंत्र बंद, मग एमसीबी बंद, आणि त्यानंतरच नटला पाना, हा क्रम कधीही बदलू नये.

३. साहित्य जमवा

निघण्यापूर्वी पुढील वस्तू पिशवीत आहेत का, ते पाहा.

- ट्युब कटर, रीमर, स्वेजिंग टूल किंवा एक्स्पांडर
- एमरी पेपर किंवा नायलॉनची घासणी, स्वच्छ पांढरे सुती कापड
- टॉर्च, इंधन व ऑक्सिजन यांचे दोन्ही रेग्युलेटर, होज आणि फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी होजमध्ये शिरू न देणारा), चकमक लायटर
- नायट्रोजनचा सिलिंडर आणि त्याचा स्वतंत्र दोन टप्प्यांचा रेग्युलेटर
- ब्रेझिंगच्या सळया, गरज असेल तर फ्लक्स (तापलेल्या धातूवरचा ऑक्साइड दूर ठेवणारा पदार्थ)
- आर-३२ किंवा आर-४१०ए च्या दाबाला चालणारा गेज सेट व होज
- व्हॅक्युम पंप, मायक्रॉन गेज, साबणाचे पाणी
- चामड्याचे हातमोजे, ३ किंवा ४ क्रमांकाच्या शेडचा चष्मा, सुती कपडे, बंद बूट
- ड्राय पावडरचा अग्निशामक, पाण्याची बादली, ओली फडकी, छोटा आरसा

यांतील सळईबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दुकानात तिचे प्रकार फक्त टक्क्यांवरून ओळखले जातात आणि टक्के कशाचे ते कोणी सांगत नाही. ते चांदीचे असतात. तांबे आणि फॉस्फरस यांची बिनचांदीची सळई सुमारे ७१० अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि ७९० च्या आसपास पूर्ण वाहू लागते. पाच किंवा पंधरा टक्के चांदीची सळई सुमारे ६४५ अंशांपासून मऊ होते आणि ८०० ते ८१५ च्या दरम्यान पूर्ण पातळ होते. याचा अर्थ ती अधिक काळ लिबलिबीत राहते आणि किंचित सैल बसलेल्या सांध्यातही फट भरून काढते. नवख्या हाताला पाच टक्क्यांची सळई सोयीची पडते, असे माझे मत आहे. कंपन सहन करावे लागणाऱ्या सांध्याला, म्हणजे कॉम्प्रेसरजवळ, पंधरा टक्क्यांची सळई वापरणे चांगले.

तांब्याला तांबे जोडताना या सळईतला फॉस्फरसच फ्लक्सचे काम करतो, त्यामुळे वेगळा फ्लक्स लागत नाही. पितळ आणि तांबे यांच्या सांध्याला मात्र फ्लक्स हवाच. लोखंड किंवा स्टीलच्या सांध्याला फॉस्फरसची सळई अजिबात चालत नाही. सांधा धरल्यासारखा दिसतो, पण ठिसूळ राहतो आणि काही दिवसांत तडकतो. तिथे अधिक चांदीची, फ्लक्ससह वापरायची सळई घ्यावी, आणि ती घेताना कॅडमियमविरहित आहे का, हे पाकिटावर वाचावे. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना जीवघेणा ठरू शकतो, आणि बंद डक्टमध्ये तो बाहेर जायला वाट नसते.

सिलिंडरबाबत दोन सूचना. घरगुती १४.२ किलोचा एलपीजी सिलिंडर या कामाला वापरणे बेकायदेशीर आहे. व्यावसायिक सिलिंडरच घ्या. ॲसिटिलीन वापरत असाल तर सिलिंडर नेहमी उभा ठेवा, रेग्युलेटरचा दाब १५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला १५ पौंडांच्या) वर नेऊ नका, आणि त्याच्या होजला तांब्याची नळी जोडू नका, कारण त्यातून स्फोटक संयुग तयार होते. गॅस सिलिंडरविषयीचे २०१६ चे नियम अमलात आणणारी केंद्रीय संस्था नागपूरला आहे. आपला पुरवठादार परवानाधारक आहे का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक तंत्रज्ञाला आहे.

४. जागा मोकळी करा

ज्या घरात किंवा कार्यालयात काम आहे तिथला एसीचा एमसीबी बंद करून त्यावर फलक लावा. व्यापारी इमारतीत ज्योतीच्या कामाची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि सीलिंगमधले धूरसूचक सुरक्षारक्षकाला सांगून तेवढ्यापुरते बंद करून घ्यावे लागतात. काम संपल्यावर ते पुन्हा चालू झाल्याची खात्री करूनच निघा.

घरगुती कामात आग लागण्याची कारणे अगदी ओळखीची आहेत. आउटडोअर युनिटभोवती लावलेली कबुतरांची जाळी नायलॉनची असते आणि ज्योत जवळ येताच ती वितळून पेटते. डक्टमधल्या युनिटमागे कबुतरांनी रचलेल्या वाळक्या काड्यांचे घरटे असते. खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे आणि ताडपत्री असते. पाइपसोबत टेप मारून बांधलेली विजेची केबल आणि ड्रेनचा पाइप तर सांध्याला चिकटूनच असतो. जाळी बाजूला बांधा, काड्या काढा, टेप उलगडून केबल आणि ड्रेन दूर घ्या, इन्सुलेशन सांध्यापासून दोन्ही बाजूंना किमान फूटभर मागे सारून ओल्या फडक्यात गुंडाळा. खाली कोणी उभे राहणार नाही, याची व्यवस्था करा.

गॅलरीबाहेर किंवा सज्जावर काम असेल तर पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट भक्कम आधाराला अडकवूनच बाहेर पाऊल ठेवा. खिडकीचे ग्रिल हा भक्कम आधार नव्हे. "दोन मिनिटांचेच तर काम आहे" म्हणून बेल्ट न लावणे हा या व्यवसायातला सर्वांत महाग पडणारा आळस आहे.

बंद खोलीत हवा खेळती ठेवा. नायट्रोजन विषारी नाही, पण तो लहान जागेत साठला तर ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो.

५. नळी कापा, कड काढा, आत पाहा

भिंतीतून आलेले टोक जसे आहे तसे कधीही वापरू नका. बांधकामाच्या काळात ते उघडे राहिलेले असू शकते, आणि त्यात सिमेंट, पेंट, पावसाचे पाणी, क्वचित किडेही सापडतात. दोन-तीन इंच कापून टाका. मग दुसऱ्या टोकावर पांढरे कापड सैलसर धरा आणि या टोकाकडून नायट्रोजनचा जोरदार झोत सोडा. कापडावर काय येते ते नीट पाहा : राखाडी भुकटी आली तर प्लॅस्टर आहे, ओल उमटली तर पाणी आहे, तेलकट पिवळसर डाग आला तर पूर्वीच्या यंत्राचे तेल आहे. कापड कोरे येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. झोत दुसरीकडून निघतच नसेल, तर पाइप भिंतीत चेपलेला आहे. अशा पाइपवर सांधा करण्यात अर्थ नाही.

कापण्यासाठी ट्युब कटरच वापरा. हॅक्सॉच्या पात्याने तांब्याचा चुरा आत जातो आणि तो पुढे कुठे अडकेल ते सांगता येत नाही. कटरची मूठ थोडी थोडी आवळत फिरवा. एकदम आवळली तर नळीचे तोंड आत दबते. कापल्यावर आत उभी राहिलेली धारदार कड रीमरने काढावी लागते, आणि ती काढताना नळीचे तोंड खाली धरावे, म्हणजे चुरा जमिनीवर पडतो. पाइप भिंतीत असून तोंड खाली वळवता येत नसेल, तर आधी तोंडात कापडाचा बोळा घाला, कड काढा आणि मग बोळा हलकेच ओढून घ्या.

आता एका नळीचे तोंड स्वेजिंग टूलने फुगवा, म्हणजे दुसरी नळी त्यात बसेल. आतली नळी साधारण तिच्या व्यासाइतकी खोल जावी. दोन सुताच्या नळीलाही सहा मिलिमीटरपेक्षा कमी खोली नको. दोन्हींमधली फट सर्व बाजूंनी सारखी आणि अत्यंत बारीक, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असावी. वितळलेला धातू केशाकर्षणाने या फटीत खेचला जातो; फट मोठी असेल तर ओढ राहत नाही, आणि नळी घट्ट ठोकून बसवली असेल तर धातूला शिरायला वाव राहत नाही. हातात धरून हलवल्यावर सांधा लडबडत असेल, तर ते तोंड कापून नव्याने फुगवा. सळईने भोक बुजवता येईल असे म्हणणारे भेटतील. तसा सांधा दाबचाचणीत निभावला, तरी यंत्राच्या कंपनात निभावेल याची शाश्वती नसते.

जोडायचे दोन्ही पृष्ठभाग एमरी पेपरने चमकेपर्यंत घासा आणि कोरड्या कापडाने पुसा. त्यानंतर तिथे बोट लावू नका, कारण हाताचा तेलकटपणाही धातूला पसरू देत नाही. ही घासणी नळीचे तोंड झाकूनच करावी, नाहीतर घासण्याची भुकटी आत जाते.

६. नायट्रोजन लावा, आणि वाहता ठेवा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा टाळली जाते, कारण सिलिंडर जड असतो, लिफ्ट नसते आणि घरमालकाला फरक दिसत नाही. फरक पाहायचा असेल तर चार सुताच्या पाइपचे दोन तुकडे जोडून दोन सांधे करा, एक नायट्रोजनशिवाय आणि एक नायट्रोजनसह, आणि थंड झाल्यावर दोन्ही उभे चिरा. पहिल्याच्या आत काळ्या, पापुद्र्यासारख्या खपल्या दिसतील आणि नखाने खरवडल्यावर त्या सुटून येतील. दुसऱ्याच्या आत नव्या तांब्याचा गुलाबी रंग जसाच्या तसा असेल.

त्या खपल्या म्हणजे तापलेल्या तांब्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन झालेला ऑक्साइड. यंत्र चालू झाल्यावर वाहता वायू आणि त्यासोबत फिरणारे तेल त्या सुट्या करतात, आणि त्या गाळणीत, कॅपिलरी या बारीक नळीत किंवा इन्व्हर्टर एसीच्या एक्स्पान्शन व्हॉल्वमध्ये, म्हणजे वायूच्या वाटेतल्या सर्वांत अरुंद जागी, जाऊन बसतात. काही महिन्यांनी कूलिंग कमी होते, कोणीतरी "गॅस कमी झाला" असे निदान करून गॅस भरतो, आणि मूळ कारण तसेच राहते.

पद्धत अशी : पाइपच्या एका टोकाला नायट्रोजनचा होज जोडा आणि दुसऱ्या टोकाला टेप लावून त्यात लहानसे छिद्र ठेवा. आधी मिनिटभर मोठा प्रवाह सोडून आतली हवा बाहेर काढा. मग रेग्युलेटर सुमारे ३ पीएसआय, म्हणजे ०.०२ मेगापास्कलवर आणा. छिद्रापाशी ओले बोट धरल्यावर जेमतेम झुळूक जाणवली पाहिजे. प्रवाह जास्त असेल तर तो वितळलेल्या धातूतून वाट काढतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात. दुसरे टोक पूर्ण बंद केले तरी हेच होते, कारण तापलेल्या वायूला निघायला सांध्याखेरीज वाट उरत नाही. सांधा झाल्यावरही, तो हाताला सोसेल इतका निवेपर्यंत, प्रवाह चालूच ठेवा.

आता सर्वांत गंभीर इशारा. टॉर्चसाठी आणलेला ऑक्सिजन जवळच असतो आणि नायट्रोजन आणलेला नसतो, तेव्हा पाइप ऑक्सिजनने धुण्याचा किंवा त्यानेच दाबचाचणी करण्याचा मोह होतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो, आणि त्यात माणसे दगावतात. भारतीय प्रमाणानुसार ऑक्सिजनचा सिलिंडर काळा असून त्याचा गळा पांढरा असतो, तर नायट्रोजनचा सिलिंडर राखाडी असून त्याचा गळा काळा असतो. रंग उडालेला किंवा संशयास्पद असेल, तर लेबल वाचल्याशिवाय सिलिंडर जोडू नका, आणि लेबलही नसेल तर तो परत पाठवा.

७. ज्योत पेटवा आणि नळी तापवा

टॉर्चचे सर्व जोड आधी साबणाच्या पाण्याने तपासा. ऑक्सिजनच्या जोडांना तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लावू नका. इंधनाचा व्हॉल्व थोडा उघडून चकमक लायटरने पेटवा; काडेपेटी किंवा उदबत्ती वापरू नका, कारण हात नोझलच्या फार जवळ जातो. मग ऑक्सिजन वाढवत आतला निळा शंकू स्पष्ट होईपर्यंत ज्योत जुळवा. ती किंचित इंधनाकडे झुकलेली असणे चांगले. फार ऑक्सिजनची, सूं सूं करणारी टोकदार ज्योत तांबे जाळते. टॉर्चमध्ये फटाक्यासारखा आवाज होऊन ज्योत आत शिरली आणि शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर प्रथम ऑक्सिजनचा आणि लगेच इंधनाचा व्हॉल्व बंद करा.

सांधा सर्व्हिस व्हॉल्वजवळ असेल, तर व्हॉल्वच्या अंगाभोवती पाण्याने निथळणारे फडके गुंडाळा आणि गेज जोडण्याच्या तोंडातली पिन आधी काढून ठेवा. त्यातली रबर आणि टेफ्लॉनची सील या तापमानाला टिकत नाहीत.

तापवण्याचा क्रम असा ठेवा. सुरुवात सांध्यापासून थोड्या अंतरावर, आत जाणाऱ्या नळीवर करा. उष्णता तिच्यातून सांध्याच्या आत पोहोचते. नंतर ज्योत फुगवलेल्या तोंडाकडे आणा आणि सतत गोल फिरवत राहा. एका जागी थांबवलेली ज्योत दोन सुताच्या पातळ नळीला पाहता पाहता भोक पाडते. तांब्याचा रंग आधी गडद होतो आणि मग सावलीत पाहिल्यावर मंद लालसर दिसू लागतो. भर उन्हात तो रंग दिसत नाही, म्हणून सांध्यावर पत्र्याच्या तुकड्याची सावली धरा. मंद लाली आली की सळईचे टोक सांध्याच्या कडेला टेकवा. ती नळीच्या उष्णतेने वितळली पाहिजे. ज्योत सळईवर धरून थेंब पाडणे ही नवख्यांची सर्वाधिक आढळणारी चूक आहे. तसा थेंब बाहेर चिकटून राहतो आणि आत काहीच जात नाही.

वितळलेला धातू जिकडे उष्णता अधिक, तिकडे धावतो. म्हणून सळई लावल्यावर ज्योत फुगवलेल्या भागाच्या मागच्या बाजूला न्या, म्हणजे धातू खोलवर खेचला जाईल. सांधा उभा असून धातू वर चढवायचा असेल, तर वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा अधिक तापवा. सर्व बाजूंनी बारीक अखंड कडे दिसले की थांबा. तांबे १०८५ अंशांना वितळते; नळी नारिंगी दिसू लागली तर तुम्ही त्या मर्यादेच्या फार जवळ आहात.

८. निवू द्या आणि पाहणी करा

धातू घट्ट होईपर्यंत नळी हलवू नका आणि लाल सांध्यावर पाणी ओतू नका. लाली पूर्ण गेल्यावर ओले फडके लावायला हरकत नाही. फ्लक्स वापरला असेल तर त्याचा काचेसारखा थर गरम पाण्याने घासून काढा. तो गंज आणतो आणि काही वेळा गळतीचे भोकही झाकून ठेवतो. आरसा मागे धरून सांध्याची भिंतीकडची बाजू पाहा. गळणारे बहुतेक सांधे त्याच बाजूला गळतात, कारण ज्योत तिथे पोहोचलेली नसते. काम संपल्यानंतर किमान अर्धा तास जागा सोडू नका. इन्सुलेशनमध्ये किंवा लाकडी पार्टिशनमध्ये धुमसणारी ठिणगी उशिरा पेट घेते.

९. दाबचाचणी घ्या

दाबचाचणी फक्त कोरड्या नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून आणि आउटडोअरचे व्हॉल्व बंद ठेवून घ्यावी. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० बारचा दाब असतो. रेग्युलेटरशिवाय तो थेट पाइपमध्ये सोडणे म्हणजे पाइप फोडणे. चाचणीचा दाब इन्स्टॉलेशन पुस्तिकेत दिलेला असतो. आर-४१०ए आणि आर-३२ च्या अनेक यंत्रणांना तो ४.१५ मेगापास्कल, म्हणजे सुमारे ६०० पीएसआय असतो. आर-२२ चे जुने गेज आणि होज या दाबाला वापरू नका. दाब टप्प्याटप्प्याने चढवा : आधी ४५ पीएसआयवर काही मिनिटे थांबा, मग २२० च्या आसपास, आणि मग पूर्ण दाबापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर साबणाचे पाणी लावून सांधा पाहा. बारीक गळतीचा फेस हळूहळू, पांढऱ्या दाण्यांसारखा वर येतो, म्हणून घाई करू नका.

पाइप भिंतीत बंद होणार असेल तर दाब २४ तास ठेवावा, आणि वाचन करताना तापमानही लिहावे. ६०० पीएसआयला तापमान एका अंशाने उतरले की दाब सुमारे २ पीएसआयने उतरतो. संध्याकाळी ३० अंशांना लावलेला दाब पहाटे २२ अंशांना सुमारे १६ पीएसआय कमी दिसला, तर ती गळती नव्हे. त्याहून जास्त उतरला असेल तरच शोध घ्या.

गळती सापडल्यास पाइपमध्ये दाब असताना त्यावर ज्योत धरू नका. नायट्रोजन पूर्ण सोडा, टोक उघडे करा, पुन्हा मंद प्रवाह लावा आणि मग सांधा तापवा. एकदा दुरुस्त करूनही गळत असेल तर तो सांधा कापून नवा करा.

१०. व्हॅक्युम, वायू आणि इन्सुलेशन

नायट्रोजन सोडल्यावर व्हॅक्युम पंप लावा आणि मायक्रॉन गेजवर ५०० मायक्रॉनच्या खाली जा (मायक्रॉन हे आत उरलेल्या दाबाचे एकक; आकडा जितका कमी, तितकी हवा कमी). किती मिनिटे पंप चालवला यापेक्षा गेज काय सांगतो हे महत्त्वाचे, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात, जेव्हा पाइपमध्ये बाष्प जास्त असते. आर-३२ आणि आर-४१०ए सोबतचे तेल ओल झपाट्याने शोषते आणि त्यातून पुढे आम्ल तयार होते. पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबा. गेज थोडा चढून स्थिर झाला तर आत ओल आहे, पंप पुन्हा चालवा. तो चढतच राहिला तर गळती आहे. यंत्रातलाच थोडा वायू सोडून हवा बाहेर ढकलण्याची जुनी पद्धत टाळा. तिने ओल जात नाही, आणि आर-३२ खोलीत पसरतो.

व्हॅक्युम टिकला की मगच सर्व्हिस व्हॉल्व पूर्ण उघडा. पाइपची लांबी पुस्तिकेतल्या मर्यादेहून अधिक असेल, तर दर मीटरमागे सांगितलेला वायू काट्यावर वजन करून भरा. सांध्याच्या जागी दोन्ही पाइपना वेगवेगळे नायट्राइल इन्सुलेशन चढवून त्याच्या फटी चिकटवा. एवढीशी जागा उघडी राहिली तरी दमट हवेत तिथून थेंब पडून फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग उमटतो. झाकण्यापूर्वी सांध्याचा, जवळ मोजपट्टी धरून, फोटो काढा. छत आणि जवळची भिंत यांपासूनचे अंतर, सळईचा प्रकार, चाचणीचा दाब व तारीख लिहून फोटोसह घरमालकाला द्या, म्हणजे पुढे भिंतीत खिळा मारणाऱ्यालाही पाइप कुठे आहे ते कळेल.